सिस्टिमला दिसतं, रॅकला नसतं: नोकरी सांभाळून मटेरियल्स मॅनेजमेंट शिकताना

भोसरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर असिस्टंट म्हणून लागले तेव्हा बी.कॉम. होऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका साध्या वॉशरपायी असेंब्लीची लाइन दीड तास थांबली. सिस्टिमला ४०० नग दिसत होते, रॅकला एकही नव्हता. स्टोअरमधले काका त्या दिवशी उशिरा आले. आल्या आल्या त्यांनी पलीकडच्या रॅकमधून, दुसऱ्याच कोडखाली ठेवलेली पेटी काढून दिली. त्यांच्या डोक्यात सगळं स्टोअर होतं, माझ्याकडे फक्त स्क्रीन. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती पेटी हातात घेतली तेव्हाच ठरवलं, हे काम नीट शिकायचं. त्या जूनमध्ये मटेरियल्स मॅनेजमेंटच्या, म्हणजे मालाची खरेदी, साठा आणि त्याचा हिशोब शिकवणाऱ्या, संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं.

स्टोअर, पर्चेस (खरेदी) किंवा पीपीसीत (उत्पादनाच्या नियोजनात) नवे असाल आणि संध्याकाळी शिकायचा विचार करत असाल, तर माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

कोर्स निवडताना मी फी आणि नाव एवढंच पाहिलं होतं. त्याआधी वेळ पाहायला हवी होती. आपल्याकडच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि नोकरदारांसाठी म्हणून जे वर्ग भरतात ते शनिवार-रविवारी. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग, तेच त्या दिवशी मशीनपाशी. मी म्हणूनच संध्याकाळी साडेसहा ते साडेआठचा वर्ग घेतला. जनरल शिफ्ट पाचला सुटायची, पण महिनाअखेरीला डिस्पॅच असला की सात वाजायचे. प्रवेशाआधीच साहेबांकडे जाऊन आठवड्यातले तीन दिवस वेळेवर सोडण्याची परवानगी मागितली आणि मिळाली. ही परवानगी आधी घ्या, फी नंतर भरा. फिरत्या शिफ्ट असतील तर दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात काय करणार, हेही संस्थेला विचारून ठेवा. आता भोसरी, म्हणजे नाशिक फाट्यापासून सिव्हिल कोर्टापर्यंत मेट्रो आहे. माझ्या वेळी बस होती आणि परत यायला दहा वाजायचे. घरच्यांशी त्याबद्दल मोकळं बोलून घेतलं होतं, म्हणून निभावलं.

कोर्सचे मार्ग बरेच आहेत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे डिप्लोमा नोकरदारांमध्ये परिचित आहेत. संस्थेच्या शाखा देशभर आहेत, पुण्यातही आहे. व्यवस्थापन महाविद्यालयांचे अर्धवेळ कोर्स असतात. अमेरिकेत १९५७ मध्ये अपिक्स नावाने सुरू झालेल्या आणि आता एएससीएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची सीपीआयएम ही उत्पादन आणि साठ्याच्या नियोजनाची परीक्षाही आहे. तिची फी डॉलरमध्ये आणि अभ्यास इंग्रजीत, म्हणून दोन-तीन वर्षं काम केल्यावर तिच्याकडे वळणं मला योग्य वाटतं. कुठंही जा, पण आधी एक तास वर्गात बसू द्या म्हणून विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः कधी पीओ (खरेदीची ऑर्डर) काढला आहे का, स्टॉक मोजला आहे का, ते त्या तासात कळतं.

आता अभ्यासाचं. वर्गात इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की खर्च सर्वांत कमी येतो तो आकडा, पहिल्या महिन्यातच येते. फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्ये मांडलेलं हे सूत्र. मी पुस्तकातलं उदाहरण सोडून आमच्या बेअरिंगचे आकडे घातले. वर्षाचा खप १२,००० नग. एक ऑर्डर काढायचा खर्च, म्हणजे फॉलोअप, गाडी, तपासणी, जीआरएन (माल आल्याची नोंद) धरून ३०० रुपये. एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च २० रुपये. उत्तर आलं ६०० नग. वर्षात २० ऑर्डरी, त्यांचा खर्च ६,००० आणि सरासरी निम्मा, म्हणजे ३०० नगांचा साठा सांभाळायचा खर्चही ६,०००. दोन्ही पारडी सारखी होतात तिथंच एकूण खर्च सर्वांत कमी असतो, हे फळ्यावर कळलं होतं, पण स्वतःच्या बेअरिंगवर पटलं.

मग सरांनी विचारलं, ६०० ऐवजी ९०० मागवले तर? हिशोब केला: ऑर्डरींचा खर्च ४,०००, साठ्याचा ९,०००, एकूण १३,०००. म्हणजे दीडपट मागवूनही खर्च १२,००० वरून जेमतेम आठ टक्के वाढला. सूत्राचं उत्तर थोडं इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही, हे कळलं की पुरवठादाराच्या पॅकिंगप्रमाणे ऑर्डर गोल करायला भीती वाटत नाही. इतकं उपयोगाचं काही मला दुसऱ्या कुठल्या तासाला मिळालं नाही.

त्याच उत्साहात माझ्या हातून चूक झाली. चिकटवण्याच्या एका रसायनाला मी तेच सूत्र लावलं आणि आठ महिन्यांचा माल एका ऑर्डरीत मागवला. त्याचं आयुष्य सहा महिन्यांचं होतं. शेवटच्या बाटल्या मुदत संपल्यामुळे क्वालिटीने बाद केल्या आणि मी साहेबांसमोर जाऊन ते सांगितलं. सूत्र मालाची मुदत विचारत नाही, रॅकमधली जागा विचारत नाही, डिझाइन बदलणार आहे का तेही विचारत नाही. ते आपण विचारायचं. रबराचे भाग, रंग, चिकट पदार्थ यांच्या बिन कार्डवर (रॅकपाशी लावलेल्या नोंदकार्डावर) मुदतीची तारीख लाल शाईने लिहायची सवय मला तेव्हापासून लागली.

एबीसी वर्गीकरण सगळ्यांना सोपं वाटतं, आहेही. वर्षाचा खप गुणिले दर, उतरत्या क्रमाने लावा. वरचे थोडे आयटम बहुतेक पैसा खातात, ते ए; मधले बी, तळाचे स्वस्त ते सी. पण आमची लाइन थांबली ती सी वर्गातल्या वॉशरने. म्हणून किमतीबरोबर, नसेल तर काय अडतं याचीही वेगळी यादी लागते. व्हीईडी (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल) म्हणून ती शिकवतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवूनच सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा राखीव साठा, ठरवा. रिऑर्डर पातळीचं गणित सरळ आहे: रोजचा खप ४० नग, माल यायला १२ दिवस, म्हणजे ४८०, त्यात सेफ्टी स्टॉक १६०, साठा ६४० ला आला की इंडेंट, म्हणजे खरेदीला मागणी. अवघड आहे ते बारा दिवस खरे आहेत का, हे शोधणं. मी मागच्या तीस जीआरएनच्या तारखा पीओच्या तारखांशी ताडून पाहिल्या. पुरवठादार १२ सांगायचा, माल ९ ते २१ दिवसांत कधीही यायचा.

एमआरपीच्या, म्हणजे कुठला माल किती आणि कधी लागेल त्या नियोजनाच्या, तासाला वर्ग झोपेला येतो, आठ वाजलेले असतात. जागे राहा. १०० असेंब्ली हव्यात, प्रत्येकीला ४ बोल्ट, म्हणजे ४००. हातात १५०, वाटेवर १००. मग मागवायचे १५०, आणि तेही माल यायला लागणारे दिवस मागे मोजून. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात हे काम संगणकावर बसवलं आणि आजच्या ईआरपीच्या, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटातही हीच वजाबाकी चालते. हातातले १५० मुळात खोटे असतील तर पुढचं सगळं अचूक गणित चुकीचा माल चुकीच्या दिवशी आणतं. माझा वॉशर इथंच होता.

खोटे आकडे येतात कुठून? प्रोजेक्टसाठी मी तीन महिने हेच शोधलं. चोरीचा संशय सगळ्यांना आधी येतो. मला सापडलं भलतंच. पत्रा किलोवर विकत घेतला जायचा आणि नगावर इश्यू व्हायचा. २५०० बाय १२५० ची २ मिलिमीटरची शीट हिशोबाने साधारण ४९ किलो भरते. तीच २.१ मिलिमीटर जाडीची आली तर ५१ किलोंच्या वर जाते. सिस्टिममध्ये मात्र कायम ४९ ने भागाकार. दर गाडीमागे कागदावर थोड्या शीटा जास्त जन्माला येत होत्या आणि मार्चएंडच्या स्टॉक टेकिंगला त्या गायब व्हायच्या. इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, वजनाबरोबर नगही मोजून नोंदवायला लागलो आणि फरक जवळजवळ मिटला. काका म्हणाले, “हे आम्हाला ठाऊक होतं गं, पण लिहून कुणी मागितलं नाही.” त्यांचं ते वाक्य मी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर घातलं.

पर्चेसचा पेपर मला सोपा गेला, काम मात्र अजून शिकते आहे. ४६ रुपयांचा स्थानिक माल आणि ४३ रुपयांचा परराज्यातला, यात स्वस्त कोण हे भाडं, रिजेक्शन आणि उधारीचे दिवस मिळवल्याशिवाय सांगता येत नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून कर खर्चात धरायचा नाही, पण पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही तर ते क्रेडिट अडकतं. लहान पुरवठादारांच्या पैशाकडे लक्ष ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्या मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च आयकरात पैसे देईपर्यंत वजावटीला धरला जात नाही. जॉब वर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा, त्याचं चलन रजिस्टर रोज पाहा. हे वर्गात दहा मिनिटांत उरकलं होतं. ऑफिसात माझा अर्धा दिवस यातच जातो.

डिप्लोमा संपल्यावर सहा महिन्यांनी मी स्टोअरमधून पर्चेसला गेले. पगार लगेच वाढला नाही, पुढच्या वर्षी वाढला.

प्रवेश घ्यायच्या आधीच्या आठवड्यात एक करा. तुमच्या स्टोअरमधले कुठलेही वीस आयटम निवडा, स्वतः रॅकला जाऊन मोजा, शेजारी सिस्टिमचा आकडा लिहा. किती जुळले, किती नाहीत, ते एका वहीत ठेवा. पहिल्या तासाला ती वही बरोबर न्या.