वकिली सांभाळून ई-डिस्कव्हरी शिकवायची तर

ई-डिस्कव्हरी म्हणजे दाव्यातले इलेक्ट्रॉनिक पुरावे शोधणं, जपणं आणि समोरच्या पक्षाला दाखवणं. ती शिकवायला गोव्यातल्या धर्मसंस्थेच्या विधी महाविद्यालयाने आठवड्याला दोन तास मागितले, तर आधी घड्याळ बघा. वकिलांनी कायदा शिकवण्याबद्दलच्या १९७९च्या नियमांनुसार वकिली चालू ठेवून कायदा शिकवता येतो, पण दिवसाला ३ तासांच्या आत. पर्वरीला हायकोर्टात जावं लागतं त्या दिवशी तास घेऊ नका, शनिवार मागा. चवथीची सुट्टी आणि ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त वेळापत्रकातून आधीच वजा करा. प्रात्यक्षिकं नेमकी तिथेच बुडतात.

अमेरिकी पुस्तकापासून सुरुवात करणं ही नेहमीची चूक. तिथल्या दिवाणी प्रक्रियेच्या फेडरल नियमांतली २००६ आणि २०१५ची दुरुस्ती एका तासात उरका. आपल्याकडे कागदपत्रं उघड करण्याबद्दलचा दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ आहे, आणि व्यापारी दाव्यांसाठी २०१५च्या कायद्याने बदललेला तोच आदेश. त्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे प्रिंटआउट दिले तरी भागतं. मग मेटाडेटा, म्हणजे फाइल कुणी, कधी, कशावर बनवली ही तिच्यातली माहिती, कुठे गेला? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तर लगेच सांगू नका.

खरा भर हवा तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३वर. हा कायदा १ जुलै २०२४ला लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागणारं जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-बी आता इथे आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: ‘अ’ पक्षकाराचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा) आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं ते लिहायचं असतं. कोरा नमुना सगळ्यांना द्या आणि पुढचा प्रयोग करून भरायला लावा.

चौघांचा गट, एक लॅपटॉप, दीड तास. फोनवर काढलेला फोटो केबलने लॅपटॉपवर घ्या. विंडोजच्या ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने हॅश काढा; पद्धत लिहिली नाही तर ती मुकाट्याने एसएचए-१ ही जुनी पद्धत वापरते, म्हणून एसएचए-२५६ स्पष्ट टाइप करायला सांगा. ६४ अक्षरं आली पाहिजेत. मग फाइलचं नाव बदला: हॅश तोच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवा: चित्र दिसायला तेच, हॅश वेगळा, कॅमेऱ्याची माहिती गायब. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर हॅश जुळतो. एखाद्या गटाचा जुळलाच नाही तर आयफोन तपासा. लॅपटॉपवर उतरवताना त्याने फोटोचा प्रकार बदलून एचईआयसीचं जेपीईजी केलेलं असू शकतं.

प्रमाणपत्र मिळालंच नाही तर? इथे जालन्याच्या २०१४च्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणाचा २०२०चा निकाल वाचून घ्या. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. प्रमाणपत्र अनिवार्य हे खरं, पण ते दुसऱ्याच्या हातात असेल तर न्यायालयाकडे अर्ज करायचा. विद्यार्थ्यांनी तो अर्ज लिहून आणावा, एक पान पुरे.

सरावाची सामग्री स्वतः बनवा. अशिलाची चॅट नावं खोडूनही आणू नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ची वकील-अशील गोपनीयता वर्गात संपत नाही. फोंड्याचा काजू व्यापारी आणि कळंगुटचं हॉटेल यांच्यातला काल्पनिक वाद, ६० संदेश, २० ईमेल एवढं बास. त्यात दोन सापळे ठेवा. रात्री १२:१०ला पाठवलेला ईमेल हेडरमध्ये (ईमेलच्या तांत्रिक नोंदीत) यूटीसीनुसार, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेनुसार, आदल्या दिवशीचा १८:४० दिसतो. नोटिशीची मुदत त्यावरच अडकवा. दुसरा सापळा भाषेचा. गोव्यात एकाच चॅटमध्ये ‘पैसे’, ‘पयशे’, ‘दुडू’ येतात, आणि रोमी कोकणीत ‘श’साठी एक्स लिहितात. ‘पैसे’ एवढाच शब्द शोधणारा गट निम्मा पुरावा सोडून येतो. म्हणून शोधशब्द ठरवण्याआधी २० संदेश डोळ्यांनी वाचायला लावा. यंत्रावरचा भरवसा इथे उतरतो, आणि ते बरंच.

संस्था धार्मिक असल्याने एक प्रश्न हमखास येईल: कुमसार (पापांची कबुली) ऐकणाऱ्या पाद्रीला आलेला संदेश उघड करावा लागेल का? चर्चच्या कायद्यात कुमसाराची गुप्तता अभंग आहे. साक्ष्य अधिनियमात मात्र पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यासाठी कलमं आहेत, धर्मगुरूसाठी स्वतंत्र कलम नाही. दोन्ही गोष्टी सरळ सांगा. व्यवस्थापनातलं कुणी मागच्या बाकावर बसलेलं असलं तरी.