सोलर गीझर परवडतो का? पैसे बुडवणाऱ्या या चुका टाळा

विकणारा किती वर्षांत पैसे वसूल होतात ते सांगतो. घरात रोज किती गरम पाणी लागतं, हे मात्र विचारत नाही. आधी हिशेब आपणच करावा. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते. पावसाळा आणि ढगाळ दिवस सोडून वर्षाला २५० दिवस चांगलं ऊन धरलं, तर हजार युनिट वाचतात. बिलात युनिट जास्त झाले की वरचा, महाग टप्पा लागतो आणि सोलरने वाचतात ते याच टप्प्यातले. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे दहा हजार. पाइपिंगसकट तीस हजार खर्च आला, तर तीन वर्षांत फिटले.

पण हे सगळं शंभरच्या शंभर लिटर रोज वापरले तरच. दोघांच्या घरात २०० लिटरची टाकी बसवून निम्मं पाणी तसंच ठेवलं, तर जास्तीचे पैसे गच्चीवर पडून राहिले. कढत पाण्यात गार मिसळावंच लागतं, त्यामुळे माणशी २५ लिटर धरलं तरी बहुतेक घरांना पुरतं.

सगळ्यात जास्त नुकसान पाइपात होतं आणि तिकडेच कोणी बघत नाही. पाऊण इंची पाइपाच्या वीस मीटर लांबीत पाच-सहा लिटर पाणी मावतं. सकाळी नळ सोडला की आधी हे गार पाणी येणार. ते बादलीत न धरता मोरीत सोडलं, तर पाणी वाया जातं, आणि नळ बंद केल्यावर रोज तेवढंच गरम पाणी पाइपात राहून थंड होतं. म्हणून टाकी शक्यतो बाथरूमच्या बरोबर वर आणि जवळ हवी, गरम लाइनवर इन्सुलेशन हवं. चार मजले खालच्या फ्लॅटसाठी गच्चीवरचा सोलर मला तरी फारसा पटत नाही.

ऊन कडक असूनही पाणी कोमटच येतंय? मेकॅनिक बोलवायच्या आधी गरम-गार पाणी एकत्र करणारा मिक्सर कॉक तपासा. थंड लाइनला प्रेशर पंप असेल, तर मिक्सरमधून गार पाणी उलटं गरम लाइनमध्ये शिरतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. प्रेशर पंप थेट साध्या, दाबासाठी न बनवलेल्या (नॉन-प्रेशर) टाकीला जोडणं ही त्याहून मोठी चूक. टाकी फुगते, गळते. टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपचं तोंड थंड पाण्याच्या टाकीच्या पातळीहून वर आणि कायम उघडं हवं. थेंब गळतात म्हणून त्याला बूच मारणारे लोक आहेत!

बोअरचं जड पाणी असेल, तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या फ्लॅट प्लेटपेक्षा काचेच्या ट्यूबचा सोलर बरा. क्षार ट्यूबमध्येही साठतात, पण त्या काढून धुता येतात. फक्त उन्हात कोरड्या तापलेल्या ट्यूबमध्ये भर दुपारी पाणी सोडू नका, काच तडकते. भरायचं ते सकाळी लवकर.

टाकीतला विजेचा कॉइल रात्रभर चालू ठेवू नका. पाणी विजेवर आधीच तापलं, तर दिवसभर उन्हाने तापवायचं काय? पावसाळ्यात दोन आंघोळींसाठी अख्खी टाकी तापवण्यापेक्षा बाथरूममधला जुना गीझर स्वस्त पडतो. तो भंगारात देऊ नका.

आणि अनुदानाचा घोळ. पंतप्रधान सूर्यघर योजनेतले ७८ हजारांपर्यंतचे पैसे छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहेत, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाहीत. दोन्ही एकच समजून कुणाला आगाऊ रक्कम देऊ नका. पुण्यासारख्या काही महापालिका मिळकतकरात थोडी सूट देतात. त्यासाठी सोलर चालू स्थितीत असावा लागतो. खरेदीचं बिल जपून ठेवा आणि स्थानिक कार्यालयात नियम आधी विचारून घ्या.