आईला "नोकरी करायचीस का" असं विचारू नका

१९९१ ला मार्केट खुलं झालं आणि त्यानंतर आपल्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कितीतरी कंपन्या बंद पडल्या नाहीतर बाहेर गेल्या. बाबांची कंपनी कशी गेली हे घरात शंभरदा ऐकलंय, पण आईचं, आत्याचं काय झालं? ते काढायचं असेल तर असं करा.

त्या नोकरी करायच्या का हे थेट विचारूच नका. मी किसननगरच्या आत्याला विचारलं तर म्हणाली, कंपनी सुटल्यावर घरीच होते रे. मग चहा पिता पिता सहज म्हटलं, राख्यांचे मणी कुठून यायचे गं, तर बाई अर्धा तास थांबेना! शेठचा माणूस गोणी टाकून जायचा, डझनावर रेट, चाळीतल्या सगळ्या जणी रात्री अकरापर्यंत बसायच्या, आणि नखांतला फेविकॉल निघेना म्हणून भाकऱ्या थापायच्या आधी रॉकेलने हात पुसायचे मग साबणाने दोनदा धुवायचे. म्हणे घरीच होते.

रोजगाराच्या सरकारी सर्वेत पण हाच घोळ होतो. नुसतं घरकाम म्हणजे कोड ९२, घरकाम आणि वर घरच्यासाठी शिवण, पाणी-सरपण वगैरे म्हणजे ९३, दोन्ही कामगारांत धरत नाहीत. वर्षात ३० दिवस काम केलं तरी जोडकाम (मुख्य उद्योगाशिवायचं काम) म्हणून मोजतात खरं, पण बाईच "घरीच" म्हणाली की विषय संपला. म्हणून महिने विचारा, गणपतीआधी काय करायचीस, दिवाळीला काय.

कंपनीतली असेल तर कामाची शिफ्ट विचारा. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ६६ मुळे बायकांना साधारण सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम देता यायचं, मग रात्रपाळी लागली तेव्हा तिच्या मशीनवर कोण आलं?

कागद पण शोधा, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पगाराची स्लिप, जुन्या पर्समध्ये सापडतात. पर्मनंट होती की ठेकेदाराकडची ते बघा. समान वेतनाचा कायदा १९७६ चा होता, पण स्लिपवर ती हेल्पर आणि शेजारी तेच काम करणारा ऑपरेटर असेल तर, कायदा पदाचं नाव नाही काम बघायचा खरा, पण कागदावर पदच वेगळं.

आणि हे सगळं पुरुष माणसं घरात नसताना विचारा. दुसऱ्या वेळी काका समोर होते, प्रश्न आत्याला आणि उत्तरं काकांची, "ती कुठे काय करायची", आणि आत्या भात लावायला उठली.