भजनी मंडळाचा मिक्सर: या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या अंबाजोगाई-केज पट्ट्यात गावोगाव सप्ताह बसतात. पूर्वी एक अँप्लिफायर, दोन कर्णे आणि महाराजांपुढं एक माईक एवढ्यावर सात दिवस निघायचे. आता वर्गणी काढून ८ नाहीतर १२ चॅनलचा मिक्सर घेतलेली मंडळं पुष्कळ झाली आहेत. ते चांगलंच आहे. पेटी, मृदंग, गायनाचार्य, कीर्तनकार या सगळ्यांचा आवाज मागं बसलेल्या म्हातारीपर्यंत नीट पोचावा, यासाठीच मिक्सर असतो. पण मी गेली सोळा वर्षं या मंडपांमधून वायरी ओढतोय, आणि मिक्सर आल्यावर आवाज बिघडलेली गावंही मी भरपूर बघितली. दर वेळी चुका त्याच असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

गेन आणि फेडर एकच समजणं

प्रत्येक चॅनलवर, म्हणजे एकेका माईकच्या उभ्या ओळीत, आवाजाची दोन बटणं असतात. सगळ्यात वर गेन, सगळ्यात खाली फेडर. लहान मिक्सरवर फेडरच्या जागी गोल बटणच असतं, त्यामुळं नवीन पोरांचा घोळ होतो. माईकमधून येणारा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा. तो मिक्सरच्या कामाचा होईल इतका वाढवायचं काम गेन करतो. वाढवलेल्यातला पुढं किती सोडायचा हे फेडर ठरवतो. विहिरीवरची मोटर किती पाणी उपसते तो गेन, आणि कोणत्या वाफ्याला किती दारं मोडायचं तो फेडर. मोटरच गढूळ पाणी ओढत असेल तर दारं कमी मोडून पाणी स्वच्छ होत नाही.

केज तालुक्यातल्या एका गावात मी नुसता ऐकायला गेलो होतो. दुपारी तिथल्या ऑपरेटरनं आवाज तपासला तेव्हा मृदंगाचार्य अजून पोचले नव्हते. मंडळातल्या एका पोरानं दोन बोटांनी मृदंगावर टकटक केलं. आवाज बारीक आला म्हणून गेन वाढवला, आणखी वाढवला, आणि तसाच ठेवला. रात्री मृदंगाचार्य आले. त्यांनी धुम्याला, म्हणजे मृदंगाच्या जाड आवाजाच्या तोंडाला, कणीक लावली, ओढ बघितली आणि गजराला भरल्या हातानं थाप मारली. चॅनलवरचा लाल दिवा पेटला तो विझेचना. प्रत्येक थापेला स्पीकरमधून पत्रा फाटल्यासारखा आवाज.

ऑपरेटरनं फेडर खाली घेतला. आवाज लहान झाला, पण फाटलेलाच. मग मास्टर, म्हणजे सगळ्या चॅनलचा मिळून आवाज, खाली घेतला, तर महाराजही ऐकू येईनात. मग वायर बदलली, माईक बदलला. मी मागून जवळ गेलो तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "काका, आवाज फाटायलाय, कामून ते कळंना. मास्टर तर किती कमी केलाय." तोवर महाराजांनी हात वर करून सांगितलं होतं, मृदंगाचा माईक बंद करा. लांबून आलेला, घरात तीन पिढ्यांचा मृदंग असलेला माणूस पुढचे दोन अभंग बिनमाईकचा वाजवत होता आणि वीस टाळांच्या आवाजात त्याचा हात कुणाला ऐकू येत नव्हता. मी गेन पाव फेरा उलटा फिरवला, फेडर शून्याच्या खुणेवर आणला आणि माईक चालू केला. एवढंच काम होतं. मृदंगाचार्यांनी मान वळवून बघितलं, ते मी विसरलो नाही.

माझी सवय अशी आहे. सुरुवातीला सगळे गेन पूर्ण खाली. चॅनलचा फेडर शून्याच्या खुणेवर. मास्टर खाली. मग ज्या माणसानं रात्री वाजवायचंय त्याच माणसाला बसवतो आणि सांगतो, "गजराला वाजवता तसं वाजवा." तो वाजवत असताना गेन हळूहळू वाढवायचा. लाल दिवा एखाद्या थापेला लुकलुकला की थांबायचं आणि तिथून थोडा मागं यायचं. गायकाचंही तसंच. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणून घेतलेल्या चाचणीला काही किंमत नाही, कारण त्या आवाजात कुणीच गात नाही. मी गायनाचार्यांना "पुंडलिक वरदा" पूर्ण आवाजात द्यायला लावतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावायचा नाही. गेन हलला की मॉनिटरला, म्हणजे गायकांना स्वतःचं ऐकायला ठेवलेल्या स्पीकरला, जाणारा आवाज हलतो, रेकॉर्डिंग हलतं, सगळंच हलतं.

यात प्रत्येकी दोन मिनिटं जातात. सहा माईकला बारा मिनिटं. एवढा धीर नसेल तर मिक्सर विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून आलेली पोरं पहिल्यांदा इको कुठंय ते विचारतात. गेन कसा लावायचा हे मला आजवर मोजक्याच जणांनी विचारलंय.

घरघर घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणं

ही चूक जीवावरची आहे, म्हणून इथं जरा थांबा.

कीबोर्ड किंवा लॅपटॉप मिक्सरला जोडला की पुष्कळदा एक सलग घरघर सुरू होते. स्टेजवरचा कीबोर्ड एका बोर्डावर, मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या बोर्डावर, आणि दोघांना जोडणारी एक ऑडिओ वायर. अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात, त्यांच्यात थोडा फरक असतो, आणि त्या फरकामुळं ५० हर्ट्झची विजेची गुणगुण ऑडिओत शिरते. त्यावर गावोगाव एकच औषध चालतं: अँप्लिफायरच्या नाहीतर मिक्सरच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडीनं तोडायची. घरघर खरंच थांबते. म्हणूनच ही सवय पसरली.

भाद्रपदातली रात्र, दिवसभर पावसाची भुरभुर, सतरंजी ओली. गायनाचार्य अनवाणी उभे. चाल सुरू करायला ते माईकजवळ आले, ओठ जाळीला टेकले आणि माणूस झटका बसून मागं पेटीवर पडला. गाणं थांबलं, बायका ओरडल्या. माणूस वाचला, पण ओठ भाजला होता आणि हात कितीतरी वेळ थरथरत होता. मी त्या रात्री दुसऱ्या कामाला तिथं होतो. वायरी तपासत गेलो तर अँप्लिफायरच्या प्लगला दोनच पिना. लावणारा पोरगा निरागसपणे म्हणाला, "घरघर येऊ लागली म्हणून तोडली, काका. बघा, किती साफ झाला आवाज."

झालं असं होतं. अँप्लिफायरच्या आत कुठंतरी वीज त्याच्या बाहेरच्या पत्र्याला लागत होती. अर्थिंग असतं तर ती जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता. ती वाट बंद केल्यावर तीच वीज ऑडिओ वायरच्या जाळीतून मिक्सरच्या पत्र्यावर, तिथून माईकच्या वायरीतून माईकच्या लोखंडी जाळीवर येऊन बसली. जमिनीकडं जायला तिला ओल्या सतरंजीवरचा माणूस सापडला. आपल्या प्लगची अर्थची पिन बाकीच्या दोन्हींपेक्षा लांब केलेली असते ती याचसाठी, लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी.

घरघर घालवायची रीत वेगळी आहे. आधी स्टेजवरची आणि मिक्सरची सगळी यंत्रं एकाच जागेवरून वीज घेतील असं करा. अर्ध्या वेळा तिथंच प्रश्न मिटतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तरीही घरघर राहिली तर कीबोर्डसाठी ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स घ्या, म्हणजे कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी. त्यावर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो फक्त ऑडिओच्या वायरीची जाळी तोडतो, विजेच्या अर्थला हात लावत नाही. कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत साध्या जॅकची १५ मीटर वायर ओढायची सवयही डीआय बॉक्समुळं सुटते. अशी वायर ५-६ मीटरच्या पुढं नेली की ती वाटेतला सगळा कचरा गोळा करते.

मी स्वतः मंडपाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पडणारा स्विच, बसवून घेतल्याशिवाय वायर जोडत नाही. जनरेटर असेल तर त्याचं अर्थिंग गावच्या वायरमनकडून समोर करून घेतो. आणि महाराज उभे राहायच्या आधी प्रत्येक माईकच्या जाळीला टेस्टर लावून बघतो. एकदाही टेस्टर पेटला तर कीर्तन थांबलं तरी चालेल, वीज बंद. कुणी घाई केली तरी मी ऐकत नाही, आणि तुम्हीही ऐकू नका.

मोबाईलवरचं गाणं लावलं आणि गायकच गायब

हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतो. कार्यक्रमाआधी मोबाईलवरून अभंग लावतात. टाळ ऐकू येतात, पेटी लांबून येते, पण गायकाचा आवाज जवळजवळ नाही. मोबाईल बदलतात, गाणं बदलतात, मिक्सर खराब म्हणून दुकानात नेतात.

मिक्सर चांगला असतो. चूक वायरीत असते. मोबाईलमधून डावा-उजवा असे दोन आवाज निघतात. दोन्हीकडं स्टिरिओ पिन असलेली वायर घेऊन ती एकाच चॅनलच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली, की तो बॅलन्स्ड इनपुट त्या दोन आवाजांची वजाबाकी करतो. बॅलन्स्ड इनपुटचं कामच ते आहे, बाहेरची गुणगुण त्यामुळंच कटते. आता गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केल्यावर काय उरणार? एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वायर घ्या, आणि त्या दोन पिना स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या इनपुटला लावा. कीबोर्ड एकाच वायरीवर आणायचा असेल तर त्याच्या मागं जिथं मोनो लिहिलंय तिथूनच घ्या.

माईकची गर्दी

मंडळाला वाटतं, १२ चॅनल आहेत तर १२ माईक लावावेत. चालू माईक दोनाचे चार केले की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी वाजण्याआधी हातात असलेली मोकळीक ३ डेसिबलनं घटते. चाराचे आठ केले की आणखी ३. शिवाय टाळ सगळ्याच माईकमध्ये शिरतात. टाळकऱ्यांना माईक लागत नाही, कितीही आग्रह झाला तरी मी देत नाही. कीर्तनकार, दोन गायक, पेटीला एक, मृदंगाच्या दोन तोंडांना दोन. सहात काम होतं. गायकाला माईकपासून चार बोटांवर ठेवा. तो आठ बोटांवर गेला की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, आणि तो भरून काढायला गेन वाढवला की माईक ओरडतो. मॉनिटर स्पीकर माईकच्या पाठीमागं, माईकच्या शेपटीकडं तोंड करून ठेवा. गायकांना एवढं जरूर सांगा की माईकची जाळी मुठीत धरू नका. मूठ आवळली की माईक मागचा आवाजही तेवढाच घ्यायला लागतो.

लो कटचा, म्हणजे खालचा जाड आवाज कापणारा, खटका गायकांच्या माईकला आणि पेटीला दाबा, भात्याचे धक्के आणि स्टँडची धडधड जाते. मृदंगाच्या धुम्याच्या बाजूला मात्र दाबू नका, तिथला गाभाच निघून जाईल.

इकोबद्दल मला राग आहे तो लपवत नाही. कीर्तनात शब्द मोठा. ओवीचा अर्थ सांगताना प्रत्येक शब्दाच्या मागं त्याचीच सावली येत असेल तर पोत्यावर बसलेला माणूस काय घेऊन जाणार? चालीला हवा तर किंचित द्या, निरूपणाला पूर्ण बंद. महाराजांनीच मागितला तर मी नम्रपणे मागच्या रांगेत बसून एकदा ऐकायची विनंती करतो. आजवर दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही बंद करायला सांगितला.

४८ व्होल्टचं फँटम बटण लहान मिक्सरवर सगळ्या माईकला मिळून एकच असतं. कंडेन्सर माईक, म्हणजे मिक्सरकडून वीज लागणारा माईक, असेल तरच दाबा, आणि दाबताना मास्टर खाली ठेवा.

अडॅप्टर हरवला म्हणून घरातला दुसरा कुठलाही लावू नका. काही छोट्या मिक्सरचे अडॅप्टर डीसी देत नाहीत, एसी देतात. अडॅप्टरवर मिक्सरचं नाव लिहून चिकटपट्टी लावा.

त्याच चिकटपट्टीवर चॅनलची नावंही लिहा. "तिसरा वाढव" म्हणून ओरडणाऱ्या गर्दीत पेटी कोणती हे आठवत बसायला वेळ नसतो.

चालू करताना मिक्सर आधी आणि अँप्लिफायर शेवटी. बंद करताना अँप्लिफायर आधी, मग दोन श्वास थांबून मिक्सर. उलटं केलं की स्पीकरला धाडकन धक्का बसतो. काल्याच्या कीर्तनानंतर सगळ्यांना महाप्रसादाची घाई असते आणि कुणीतरी थेट मेन स्विच खाली ओढतो. म्हणून शेवटच्या दिवशी आरती सुरू झाली की मी मेन स्विचजवळ जाऊन उभा राहतो.