या चुका टाळा: बायपासनंतर तिला त्याच्या मापाने मोजू नका

"अमके दीड महिन्यात कामाला लागले, मग हिलाच अजून दम का लागतो?" बायपास झालेल्या बाईच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो, तोही तिच्यासमोर. रिहॅबमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर व्यायाम आणि सल्ला देऊन पुन्हा उभं करणाऱ्या केंद्रात, काम करताना मला या वाक्याचा फार त्रास होतो. बायका बहुधा पुरुषांपेक्षा जास्त वयात बायपासला येतात. सोबत मधुमेह, रक्तदाब, उतरलेलं हिमोग्लोबिन. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्याही बारीक. साहजिकच पहिल्या वर्षात थकवा, दम आणि पुन्हा ॲडमिट होणं त्यांच्या वाट्याला जास्त येतं. वय आणि जोडीचे आजार जमेस धरले, तर पुढच्या वर्षांतला फरक बराच कमी होतो. तुलना करायचीच तर तिच्याच मागच्या महिन्याशी करा.

सगळ्यात महागात पडते ती 'घरातलं हलकंफुलकं' करू देण्याची चूक. छातीचं मधलं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं, ते सांधायला 6 ते 12 आठवडे लागतात. पाचव्या आठवड्यात एक बाई आल्या. छातीवर हात धरून म्हणाल्या, "कूस बदलताना आत कट्कन वाजतं." खोदून विचारल्यावर कळलं, ओली चादर पिळली होती. घरच्यांच्या मते त्या आराम करत होत्या. असं वाजलं की वाट बघायची नाही, सर्जनना गाठायचं. पिळणं, भरली बादली उचलणं, गादी ओढणं ही कामं तीन महिने घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आपली म्हणून करायची. आणि घरात दिवसभर फिरलं म्हणजे व्यायाम झाला, असंही नाही. सलग चालणं हवं: आधी 5 मिनिटं, हळूहळू 30. रिहॅबला बायकांना पाठवलंच कमी जातं, आलेल्याही मध्येच सुटतात. तिथे तिला नेऊन सोडायची जबाबदारी एकाने पक्की घ्या.

जखमेबद्दल संकोचाने बोललं जात नाही. स्तनांच्या वजनाने टाक्यांवर ताण येतो. पुढून उघडणारी, बिनतारेची, आधार देणारी ब्रा घातली की दुखणं कमी होतं. डिस्चार्जच्या वेळीच विचारा. छातीच्या आतली धमनी ग्राफ्टसाठी (बंद रक्तवाहिनीला वळसा घालून जोडलेली नवी वाट) घेतली असेल तर डाव्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, जळजळ काही महिने राहू शकते. पायातली शीर काढली असेल तर त्या टाक्यांची लाली, पू, ताप यांवर रोज नजर ठेवा.

पुरुषांची चूक वेगळी. बरं वाटलं की गोळ्या बंद, सिगारेट सुरू. पायाच्या शिरेच्या ग्राफ्टपैकी जवळपास निम्मे 10 वर्षांत बंद पडतात. छातीच्या धमनीचे 90 टक्क्यांहून जास्त चालू राहतात. म्हणून ॲस्पिरिन (गुठळी होऊ न देणारी गोळी) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) डॉक्टरांना न विचारता सोडायचं नाही. बायकांना स्टॅटिन कमी वेळा लिहून दिलं जातं, तेव्हा प्रिस्क्रिप्शनमध्ये ते नसेल तर का नाही, हे विचाराच.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, रडू, झोप उडणं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. बायकांमध्ये हे जास्त आढळतं. पुरुष मात्र लपवतात.

आणि छातीत कळ नसली, तरी जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, अचानक दम लागणं, घाम फुटणं ही हृदयाची तक्रार असू शकते. ॲसिडिटीची गोळी देऊन रात्र काढू नका. लगेच हॉस्पिटल गाठा, ईसीजी करून घ्या आणि बायपास झाल्याचं दारातच सांगा.