ल्यूटला तात लावू की सिंथेटिक? नाशिकच्या हवेपुरतं सांगतो

ल्यूट म्हणजे जुनं युरोपियन तंतुवाद्य, त्याच्या बहुतेक तारा जोडीजोडीने लावतात. गट स्ट्रिंग म्हणजे मेंढीच्या आतड्याची तार. आपल्याकडे तिला तात म्हणतात, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची ती, सारंगीलाही लावतात. कॅटगट म्हणतात पण मांजराचा काही संबंध नाही. (आमच्या आईला हे कळल्यापासून ल्यूट देवघराच्या खोलीत न्यायची बंदी आहे, तुमच्या घरी माळकरी मंडळी असतील तर आधीच विचारून घ्या.)

ऑर्डर द्यायच्या आधी नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (खाली तारा बांधतात ती पट्टी) लांबी मोजा आणि सूर ४४० ला लावणार की ४१५ ला (म्हणजे ए हा सूर किती हर्ट्झचा) ते ठरवा, कारण ६० सेंमीच्या ल्यूटवर पहिली तार जी या सुराला लावली तर ०.४२ मिमी तातीवर ४४० ला साधारण ४ किलो ताण येतो, ४१५ ला साडेतीनच्या आसपास, आणि एवढी बारीक तात ४ किलोला तुटायच्या बेतातच असते. स्टीलची तार मात्र चुकूनही लावू नका, ताण भलताच वाढतो आणि ब्रिज उखडून येतो.

आता खरी गंमत जाडीची. तातीची घनता साधारण १.३, नायलॉनची त्याहून कमी, फ्लुरोकार्बन या प्लास्टिकच्या तारेची (पुढे नुसतं कार्बन म्हणतो) १.७८ च्या आसपास, म्हणून तोच सूर त्याच ताणावर हवा तर तातीची जाडी नायलॉनसाठी १.०७ ने गुणायची आणि कार्बनसाठी ०.८५ ने, म्हणजे ०.४२ च्या जागी नायलॉन ०.४५, कार्बन ०.३६. नायलॉन जाड तारांना बद्द वाजतं, कार्बन खणखणीत, कधीकधी जरा जास्तच. मासे पकडायची फ्लुरोकार्बन दोरी वापरणारे ल्यूटवाले बरेच आहेत, रिळावर मिमी लिहिलेलं असतं ते बघून घ्यायची. नायलगट नावाची इटालियन तार मुद्दाम तातीच्या घनतेची बनवलीये, त्यामुळे गुणाकार नको, पण ती सुरुवातीला खूप ताणली जाते, ४-५ दिवस सारखं पिळत बसावं लागतं, आणि नटची खाच धारदार असेल तर तिथेच तुटते.

आणि आपली हवा. जून ते सप्टेंबर पाऊस, एप्रिलमध्ये पारा ४० कडे आणि हवा कोरडी ठाक. तात दमट हवेत पाणी पिते, सूर हलतो, तंतू सुटतात. मी एकदा जुलैत रात्री नवी पहिली तार लावून झोपलो, पहाटे टण्णकन आवाज, गेली. तेव्हापासून पहिल्या तारेला बाराही महिने नायलगट, मधल्या जोड्यांना दिवाळीनंतर तात, फेब्रुवारीपर्यंत मजा, मग काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. खर्जाला साधी तात फार जाड होते, तिथे मी सिंथेटिक गाभ्यावर धातू गुंडाळलेलीच लावतो, गुंडाळलेल्या तारा १६६० च्या आसपास आल्या, त्याआधीचंच संगीत वाजवणाऱ्या हट्टी लोकांनी काय ते बघावं.

पहिल्यांदाच घेताय तर तातीचा आख्खा सेट नका मागवू. तिसऱ्या जोडीला फक्त तात लावून महिनाभर वाजवा, बोटाला ती किंचित खरखरीत लागते आणि सूर लवकर विझतो, ते आवडलं तरच पुढे. तातीचे केसासारखे तंतू सुटले तर ओढायचे नाहीत, नेलकटरने मुळाशी कापायचे, वरून बदाम तेलाचा हलका हात.

पडदे बांधायला मात्र मी तातच घेतो, नायलॉनची गाठ सरकते.