सायकल ट्रॅकच्या कडेला देशी झाडं लावताय? या चुका टाळा

रोप वाळतं मे महिन्यात, पण चूक बहुतेक वेळा जुलैतच झालेली असते. मुलुंडच्या सायकल ट्रॅककडेला आमचा रविवारचा गट झाडं लावतो. पहिल्या उन्हाळ्यात वाळलेला एक बहावा ओढून पाहिला, तर अलगद हातात आला. मुळं नर्सरीच्या पिशवीच्या आकारातच गोल फिरलेली आणि तळाला काळं प्लॅस्टिक तसंच. घाईत कुणीतरी पिशवी नुसती फाडली होती, काढली नव्हती. पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, तळाशी वेटोळं घातलेली मुळं छाटा.

दुसरी चूक खड्ड्याची. मुंबईत बरीच जमीन भरावाची. फूटभर खणलं की टाइलचे तुकडे, विटा, सिमेंटची ढेकळं लागतात. ते डेब्रिज खड्ड्यात परत ढकलू नका. दोन फूट लांब-रुंद-खोल खणून लाल माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. खड्डे मेमध्येच खणा आणि बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे पावसात मुळं कुजणार. जागा बदला, नाहीतर उंचवटा करून लावा.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. सवयीने दोन्ही आपलेच वाटतात! पण देशी म्हणून कुठलंही झाड कुठेही चालत नाही. पांगारा, काटेसावर फुलले की पक्ष्यांची झुंबड उडते, पण खोडावर काटे असतात, म्हणून त्यांना ट्रॅकपासून लांब, आत जागा द्या. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीसारख्या ठिकाणी वड, पिंपळ, उंबर नकोच, त्यांची मुळं बांधकामात शिरतात. खाडीजवळच्या खारट मातीत करंज, भेंड, उंडी तग धरतात. पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्या, जलवाहिनीलगत जल विभागाचीही.

पेव्हर ब्लॉकपासून निदान सहा फूट अंतर ठेवा, वळणावर समोरचा सायकलस्वार झाकेल असं काही लावू नका. ट्री-गार्डची तार दर सहा महिन्यांनी तपासा, खोडात रुतलेली तार झाडाचा गळा आवळते.

पाण्यासाठी ऑक्टोबर ते मे अशा पाळ्या लावा, पहिली तीन वर्षं तरी. पानं पिवळी आणि माती ओली असेल तर पाणी जास्त होतंय. पानांच्या कडा करपल्या आणि माती कोरडी असेल तर कमी पडतंय. आळ्यात वाळका पाला पसरला की ओल टिकते. तो पाला जाळणाऱ्यांना मात्र प्रेमाने, पण ठामपणे थांबवा.

आणि मेलं समजून रोप उपटण्याची घाई करू नका. बहावा, तामण उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात, हा त्यांचा स्वभावच आहे. नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर पाणी चालू ठेवा. आमच्या ज्या तामणीवर काट मारायची ठरली होती, तिला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बुडापासून दोन तांबूस फुटवे आले.